घरातील झाडे व हवेतील ओल

वैशाखात घरातील नेच्याची पाने कडेने करपू लागली की आपण कुंडीत तांब्याभर पाणी अधिक ओततो. गतवर्षी मीही तेच केले. मुळे कुजून तीन कुंड्या गेल्या. माती न चाचपता पाणी घालणे म्हणजे शेत न पाहता आणेवारी लावणे! उणीव मातीत नव्हती, हवेत होती. पानमळेकरी शेवरी-पांगाऱ्याच्या आडोशाने हीच ओल राखतो. चिरंजीवांनी आणलेले ह्युमिडिफायर नामक यंत्र प्रथम मला निव्वळ चैन वाटले. आता तसे म्हणवत नाही. पानांवर शिंपडलेले पाणी घटकाभरही टिकत नाही. मात्र आर्द्रता 60 टक्क्यांवर नेऊ नये, भिंतीस बुरशी धरते. टाकी दर आठवड्यास धुवावी, आणि मृगाचा पाऊस लागताच यंत्र गुंडाळून ठेवावे.