चप्पल करू का व्हिडिओ करू?

"सर, तुम्हीच सांगा आता. मी चप्पल करू का व्हिडिओ करू?"

कोल्हापुरातल्या एका वस्तीत, पन्नाशी ओलांडलेल्या एका चर्मकार दादांनी हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही गप्प झालो. कारण त्यांच्यावर ही वेळ आणण्यात आमचाही हात होता. दोन वर्षांपूर्वी आम्हीच त्या वस्तीत मोबाईल घेऊन गेलो होतो. मधला व्यापारी बाजूला सारा, इन्स्टाग्रामवर पान उघडा, थेट गिऱ्हाइकाला विका, असे आम्हीच सांगितले होते. हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असला म्हणून हिशेब बरोबर येतोच असे नाही.

आधी काम काय आहे ते समजून घेऊ. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे भिजवायचे, ठोकायचे, रापीने कापायचे. तळ जोडायचा, आरीने भोके पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. मग कान, पट्टा, अंगठा. वेणी घालायचे काम बहुतेक घरांत बायका करतात आणि त्यांचे नाव कुठेच लागत नाही. पावसाळ्यात चामडे वाळत नाही, बुरशी धरते. या कामाला स्वतःचा वेग आहे आणि तो चामडे ठरवते.

मोबाईलचा वेग वेगळा. रोज काहीतरी टाका, नाहीतर पान कुणाला दिसतच नाही. रात्री अकरा वाजता कुणीतरी 'प्राइस?' विचारतो. सकाळपर्यंत उत्तर गेले नाही तर तो दुसरीकडे वळलेला असतो. हात सोल्यूशनने चिकट झालेले, ते पुसून फोन उचलायचा, माप समजावून सांगायचे, डिलिव्हरी फ्री का नाही यावर वाद घालायचा आणि परत रापी हातात घ्यायची. दादांच्या दिवसातले दोन-तीन तास यात जाऊ लागले. त्या तासांचा दाम कुणी दिला? कुणीच नाही. चप्पल विकली गेली तर चप्पलेचे पैसे मिळतात. बोलण्याचे, दाखवण्याचे, समजावण्याचे मिळत नाहीत.

मग दिवाळीच्या तोंडावर एक व्हिडिओ खूप चालला आणि साठ जोडांच्या ऑर्डरी एकदम आल्या. आम्ही पेढे वाटले. पण चार हातांच्या घरात साठ जोड वेळेत होणार कसे? घाईत चामडे नीट ठोकले गेले नाही, काही जोडांच्या वेण्या सैल पडल्या. शेवटचे काही जोड बाजारातून तयार आणून पाठवले. माल परत आला, शिव्या आल्या. त्याच आठवड्यात दादांच्या हातांचा तोच व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या पानावर दिसला. खाली विकायला होती रेक्झिनची चप्पल! ज्या प्रसिद्धीने कारागीर वाचणार होता, तिने आधी त्याची कारागिरीच खाल्ली.

'कारागिरांना मार्केटिंग जमत नाही' हे वाक्य आम्ही कितीतरी बैठकांत ऐकले आहे. खोलात जाऊन पाहिले तर ते खोटे आहे. कोल्हापुरीला प्रसिद्धी कमी आहे का? 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशीच चप्पल दाखवली आणि मूळ कुठले ते सांगितले नाही. इथे ओरड झाल्यावर मग भारतीय हस्तकलेचा उल्लेख केला. चप्पल जगाला माहीत आहे, करणारा माहीत नाही. म्हणजे प्रश्न प्रसिद्धी कमी असण्याचा नाही. ती कुणाच्या नावावर जमा होते, हा आहे.

आणि हे आजचे नाही. गावगाड्यात मेलेले जनावर महाराने ओढायचे, चामडे ढोराने कमवायचे, चप्पल चांभाराने शिवायची, आणि मिरवायची मात्र पाटलाने. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिसंहार'मध्ये दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही एकावर एक रचलेली. आज चामड्याला 'हेरिटेज' म्हणतात, कॅमेऱ्यात फक्त हात दाखवतात. चेहरा नाही, आडनाव नाही, वस्ती नाही. हातांना लाइक मिळतात. त्याच हातांच्या माणसाला घर भाड्याने मागायला गेल्यावर काय मिळते, ते आम्हाला माहीत आहे.

आमचेच काही साथी विचारतात, बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले, आणि तुम्ही चामड्याच्या धंद्याची जाहिरात काय करता? प्रश्न रास्त आहे. दादांच्या मुलाला हे काम करायचे नसेल तर त्याने ते करू नये, त्याच्या शिक्षणासाठी आम्ही पहिले उभे राहू. पण ज्याला हे काम येते, आवडते आणि करायचे आहे, त्याने ते पडेल भावात का करावे? धंदा सोडण्याचे स्वातंत्र्य आणि धंद्याचा भाव स्वतः ठरवण्याचे स्वातंत्र्य, दोन्ही एकाच लढाईचे भाग आहेत.

यावर एक सोपे उत्तर दिले जाते. कारागिराने फक्त चप्पल करावी, प्रसिद्धी दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी. इथेच धोका आहे. एक हात चालवणार, दुसरा तोंड चालवणार, आणि तोंड चालवणारा मालक होणार. ही तीच जुनी रचना झाली, फक्त मोबाईलवर. आमच्या ओळखीच्या एका घराचे पान मदतीला आलेल्या माणसाच्या फोन नंबरवर उघडले होते. भांडण झाले, तो निघून गेला. पान त्याच्याबरोबर गेले, जमवलेली गिऱ्हाइकेही गेली.

म्हणून आता पाच घरांनी मिळून वेगळी रीत धरली आहे. पान एकच, पण नंबर आणि पासवर्ड घरांच्या ताब्यात. त्यातल्याच एका घरातली बी.कॉम. झालेली मुलगी संध्याकाळी दोन तास फोन सांभाळते. तिला प्रत्येक जोडामागे ठरलेली रक्कम मिळते आणि ती किमतीतच धरलेली असते. चित्रीकरण आठवड्यातून एकच दिवस. जोड पंधरा दिवसांनी मिळेल, पावसाळ्यात उशीर होईल, हे पानावर पहिल्यांदाच लिहिलेले आहे. महिन्यात किती जोड होतील तेही आधी ठरते, तेवढ्या ऑर्डरी झाल्या की घेणे बंद. वेणी घालणाऱ्या मावशींचे नाव त्यांच्या संमतीने चपलेबरोबरच्या चिठ्ठीवर जाते. आणि महिन्याच्या शेवटी वही सगळ्यांसमोर उघडली जाते. विक्री दिवाळीसारखी नाही, पण माल परत येणे जवळजवळ थांबले आहे. दादा रात्री झोपतात.

याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा सवर्ण तिथे पाणी प्यायलाही तयार नव्हते. शाहू महाराजांनी त्यांना 'जाहिरात नीट कर' असा सल्ला दिला नाही. ते स्वतः तिथे गेले, चहा प्यायले आणि आपल्याबरोबरच्यांनाही पाजला. ज्याच्याकडे ताकद आहे त्याने ओझे उचलायचे असते. ज्याच्या पाठीवर ते आधीच आहे, त्याला आणखी एक कौशल्य शिकवून मोकळे व्हायचे नसते.

आज ती ताकद वाचकांकडे आहे. कोल्हापुरी घेताना करणाऱ्याचे नाव विचारा. पंधरा दिवस थांबा. डिलिव्हरीचे पैसे द्या. आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांनी, कार्यकर्त्यांनी, वस्तीत व्हिडिओ करायला जाताना आधी एवढेच विचारावे, की या दोन तासांची मजुरी कोण देणार आहे, आणि पासवर्ड कुणाकडे राहणार आहे?