चिया विकला, चूर्ण विकत आणलं



मागच्या मार्चात दोन एकरातला चिया काढून घरात पोते रचून ठेवले होते. त्याच पोत्यांना टेकून मी रात्री चूर्णाची पुडी कोमट पाण्यात कालवून प्यायचो. पोट साफ होतच नव्हतं. मूळव्याधीनं रक्त पडायला लागलं तवा कुठं डॉक्टरकडं गेलो. त्यांनी तपासलं अन् विचारलं, "दिवसभर खाता काय?" सांगितलं, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पोळी अन् आलूची भाजी, रात्री वरण-भात. "मग चोथा कुठाय याच्यात? वावरात काय पेरता?" म्हटलं, चिया. डॉक्टर हसले ते हसलेच.

आपल्याला हे समजत नाही असं नाही. बैलाला नुसती ढेप घातली अन् कडबा-कुटार बंद केलं तर काय होईल, हे बारक्या पोरालाही ठाऊक आहे. बैलाचं पोट वेगळं, मान्य. पण आपण तुरीची डाळ करून आणतो, चुनी म्हशीला टाकतो. कणीक बारीक चाळणीनं चाळतो, कोंडा तोही म्हशीला. म्हशीचं पोट एकदम टकाटक अन् मालक मेडिकलच्या लाईनीत!

चोथा दोन जातीचा. एक पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, जसा इसबगोल, सब्जा, चिया. त्यानं मळ मऊ राहतो. दुसरा विरघळत नाही, जसा गव्हाचा कोंडा अन् डाळीची टरफलं. तो मळ पुढं ढकलतो. दोन्ही पायजेत. आयसीएमआरच्या पोषण संस्थेचा हिशेब दोन हजार कॅलरीच्या जेवणाला 30 ग्रॅम चोथ्याचा आहे. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात तो तीन ग्रॅमही भरत नाही, ज्वारीत दहाच्या आसपास, अख्ख्या हरभऱ्यात पंचवीस, अन् चियात चौतीसच्या जवळ.

आता चियाबद्दल. आपल्या जिल्ह्यात हे पीक पसरलं ते रोही अन् रानडुक्कर त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. पहिले माल नीमचला न्यावा लागे, आता वाशिमच्या बाजार समितीत खरेदी होते. हमीभाव नाही. भाव पडला की आपण हात चोळत बसतो, पण डबाभर चिया स्वयंपाकघरात ठेवायचं कोणाच्या मनात येत नाही. हिशेब करून पहा. घरात पाच माणसं, माणशी रोज 20 ग्रॅम, तर वर्षाला साडेछत्तीस किलो. एका पोत्यातच वर्ष निघतं.

घरचा चिया खायचा तर एक अडचण आहे. तो धुता येत नाही, पाणी लागलं की चिकट गोळा होतो. म्हणून घरासाठीचा वाटा ताडपत्रीवर काढा, मातीच्या खळ्यावर नको. काडी-खडे आधीच चाळून, उफणून घ्या. औषध लावलेलं उरलेलं बियाणं चुकूनही खायचं नाही. अन् कोरडा फक्का मारून वर पाणी पिऊ नका, घशाखाली फुगून अडकू शकतो. अर्धा तास भिजवायचा, पहिल्या आठवड्यात एकच चमचा, नाही तर गॅसनं पोट फुगतं. दिवसभर पाणीही जास्त प्या. ज्याची रक्त पातळ करायची किंवा शुगरची गोळी चालू आहे त्यानं डॉक्टरला विचारावं. अन् शौचातून रक्त जात असंल तर माझ्यासारखं पुड्या खात बसू नका, आधी तपासून घ्या.

पण माझं खरं म्हणणं पुढंच आहे. चहा-टोस्ट अन् रेशनचा भात तसाच ठेवून वरून दोन चमचे चिया खाल्ला तर जमत नाही, मी महिनाभर करून पाहिलं. फरक पडला तो एका वेळची भाकर सुरू केल्यावर. ज्वारीच्या कण्या अन् अंबाडीची भाजी, हेच आपलं जेवण होतं. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली. आता पेरावी म्हटलं तर एकट्याचं काम नाही, सगळ्या शिवारातली पाखरं त्या एकाच वावरात उतरतात. दोन साल झाले, माझी अर्ध्या एकरातली कणसं त्यांनी अशी साफ केली की कडबाच हाती लागला.

कृषी विभागाची मंडळी हे पान वाचतात म्हणून सांगतो. शेतीशाळेत तुम्ही एकरी उतारा अन् फवारणी सांगता, चांगलं सांगता. पण ज्वारी पाच-सहा जणांनी लागून लागून पेरावी, घरच्या खाण्यापुरती, हे कोणी जुळवून देत नाही. एखाद्या शेतीशाळेत बायामाणसांनाही बोलवा. चुलीपाशी काय शिजतं हे त्यांनाच ठाऊक.

या रब्बीत माझा चिया दीड एकर अन् ज्वारी अर्धा एकर. नाल्याकडचे दोन शेजारी लागून पेरायला तयार झालेत. तिसरा म्हणतो, पाहू. तो हो म्हणाला तर पाखरं राखायच्या पाळ्या लावता येतील.