मांजर, गोचीड आणि कुत्र्याचें औषध

कारंज्याच्या एका वाचकभगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस विचारलें कीं, पावसाळा लागला म्हणजे त्यांच्या मांजराच्या कानांमागें गोचीड दिसूं लागतात; शेजाऱ्यांनीं कुत्र्यासाठीं आणलेलें औषध शिल्लक आहे, त्यांतले दोन थेंब मांजरास लावले तर चालतील काय? पत्र हातीं पडतांच आम्हीं त्यांस "मुळींच लावूं नका" असें कळविलें, कारण हें उत्तर पुढील अंकापर्यंत थांबण्याजोगें नव्हतें. परंतु पुष्कळ घरांतून हा प्रश्न कोणास न विचारतांच सोडविला जातो. आमच्याही घरीं तो एकदां तसाच सोडविला गेला.

आमची मनी ही कामकरी मांजर. वाशीमच्या जुन्या वस्तींतलें घर, मागें गोठा, कोठींत सोयाबीन व तुरीचीं पोतीं. उंदरांस तोटा नाहीं, तेव्हां तिला विश्रांति कसली! एका श्रावणांत तिच्या मानेवर एरंडीच्या बीएवढे फुगलेले तीन-चार गोचीड सांपडले. कुत्र्याचें औषध घरांत होतें, कुत्रा त्यानें बरा झालेला होता, आणि मांजर लहान म्हणून अर्धेंच माप घेण्याइतका विवेक आम्हीं दाखविला. संध्याकाळीं मनीचे कान फडफडूं लागले. रात्रीं पाय लटपटले, तोंडास लाळ आली. पहांटे झटके सुरू झाले. घरांतील वडील मंडळींनीं तूप पाजून पाहिलें, तेंही चुकीचेंच. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती गेली. मांजर मारल्यास सोन्याचें मांजर करून काशीस दान द्यावें लागतें, असें आमच्या आजी सांगत. त्या दुपारीं तें कोणी बोलून दाखविलें नाहीं, एवढेंच.

दोष मापाचा नव्हता, औषधाचा होता. कुत्र्यांच्या गोचिडांवरील पुष्कळ औषधांत पर्मेथ्रिन नांवाचें द्रव्य असतें. कुत्र्याचें यकृत तें मोडून शरीराबाहेर टाकतें. मांजराच्या यकृतांत तें सामर्थ्य फारच अल्प असल्यामुळें विष सांचून मज्जातंतूंवर आघात करतें. नुकतेंच हें औषध लावलेल्या कुत्र्यास बिलगून निजल्यानेंही मांजरास बाधा झालेली आहे. त्यांत मांजर दिवसाचे कित्येक तास अंग चाटीत बसतें, म्हणजे केसांवर लावलें तें पोटांत गेलेंच समजावें. म्हणून फिनेल, डांबरगोळ्या, कापूर, निलगिरीचें तेल, तंबाखूचें पाणी, गुरांवर फवारावयाचीं औषधें, हीं सर्व मांजरापासून दूर ठेवावीं. घरगुती उपाय म्हणून निरुपद्रवी, हा समज मांजराच्या बाबतींत फार महाग पडतो.

मग करावें काय? प्रथम हातानें काढावे. गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी-विंचवांच्या कुळांतला आठ पायांचा जीव आहे. कातडींत तोंड रुतवून, भोंवतीं चिकट द्रव सोडून तो कित्येक दिवस रक्त पीत राहतो. मांजर आपल्या अंगावरचे बहुतेक गोचीड स्वतःच काढतें. उरतात ते जीभ पोंचत नाहीं तेथें, म्हणजे कानांच्या आंत व मागें, हनुवटीखालीं, मानेवर. एकानें मांजर पंच्यांत गुंडाळून मांडीवर धरावें. दुसऱ्यानें बारीक टोकाच्या चिमट्यानें, गोचिडाचें फुगलेलें पोट न दाबतां, अगदीं कातडीलगत त्यास पकडावें व सरळ वर, सावकाश, एकसारख्या जोरानें ओढावें. हिसका देऊं नये, पिळूं नये. तेल ओतणें, घासलेट लावणें, पेटती उदबत्ती टेंकविणें हे प्रकार आमच्या लहानपणीं सर्रास चालत. त्यांनीं डिवचलेला गोचीड पोटांतील द्रव जखमेंत ओकण्याचा संभव असतो. तोंडाचा तुकडा आंत राहिलाच तर सुईनें कोरीत बसूं नये; तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. सूज वाढली तर मात्र पशुवैद्यांस दाखवावें.

काढलेला गोचीड स्पिरिटांत टाकावा. तो नखानें चिरडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. २०११ सालीं गुजरातेंत अहमदाबादेजवळ काँगो ताप आला, तेव्हां रुग्णाबरोबर शुश्रूषा करणारेही दगावले. हा ताप गुरांवरील एका जातीच्या गोचिडांतून येतो, व चिरडलेल्या गोचिडाच्या रसानेंही जडूं शकतो. मांजराच्या मानेवरचा गोचीड त्या जातीचा असेलच असें नाहीं. पण घरांत बसून ओळखणार कोण? हातांत मोजे घालावेत, हें सोपें.

एवढें करूनही आठ दिवसांनीं गोचीड पुन्हां दिसतात, कारण त्यांचें खरें बिऱ्हाड मांजरावर नसतेंच. रक्त पिऊन तट्ट झालेली मादी खालीं गळते आणि गोठ्याच्या भिंतींतील भेगांत, फरशीच्या सांध्यांत, कुत्र्याच्या तरटाखालीं हजारों अंडीं घालते. वऱ्हाडांतील मातीच्या जुन्या भिंती तिला फार मानवतात. भेगा बुजवाव्या, चुन्याचा हात द्यावा, तरट दर आठवड्यास उकळत्या पाण्यांत धुवावें. गुरें व कुत्रा यांचेही गोचीड त्याच वेळीं घालवावे. गोठ्यांत औषध फवारल्यास तें पुरतें वाळेपर्यंत मांजर कोंडून ठेवावें. मांजरास लावण्याचें औषधही मिळतें. फिप्रोनिलचे थेंब मानेच्या मागें, जीभ पोंचणार नाहीं अशा जागीं, केस विंचरून कातडीवर सोडतात. पण वेष्टनावर मांजराचें नांव असल्याखेरीज तें विकत घेऊं नये, आणि माप वजन सांगून पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावें.

चुकून कुत्र्याचें औषध लागलेंच, तर लक्षणांची वाट न पाहतां कोमट पाण्यानें व भांडीं घासण्याच्या पातळ साबणानें मांजर धुवावें, पंच्यांत गुंडाळून ऊब द्यावी, तोंडांत कांहींही घालूं नये, आणि बाटली बरोबर घेऊन जवळच्या पशुवैद्यांकडे जावें. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे हें खरें. पण झटक्यांस पहिला उपचार गांवांतच मिळाला पाहिजे.

आठ आठवड्यांहून लहान पिलांस कोणतेंच औषध लावूं नये. त्यांच्यासाठीं बारीक दांतांची फणी, चिमटा आणि रोज संध्याकाळचीं दहा मिनिटें पुरेशीं होतात.