घाट चढणारी खेळण्यातली गाडी

पिरंगुटचा घाट चढताना मालाने भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये येतो. इंजिन घुमते, चाके मात्र सावकाश फिरतात. असे का, हे समजावणारा लेगो टेक्निक या जोडणीच्या खेळातल्या दोन दातेरी चाकांइतका चांगला शिक्षक मला माहीत नाही. आठ दात्यांच्या चाकाने चाळीस दात्यांचे चाक फिरवा. वेग पाचपट घटतो आणि, घर्षणात जाईल तेवढे सोडून, पिळाचा जोर पाचपट वाढतो. तो थेट बोटांना जाणवतो.

अशा जोडणीच्या खेळांत मेकॅनोच्या पट्ट्या आणि नटबोल्ट १९०१ पासूनचे. टेक्निकची सुरुवात १९७७ची. त्या वर्षीच्या संचातल्या मोटारीच्या सांगाड्यात वरखाली होणारे दट्टे, स्टिअरिंग आणि दोन गतींचा गिअरबॉक्स होता, तोही मांडीवर मावेल एवढ्यात!

हे संच महाग आहेत, हे खरेच. म्हणून एकच संच पुन्हापुन्हा मोडावा. पुस्तिकेबरहुकूम जुळवलेली गाडी देखणी होते. स्वतःची जुळवताना आस अडकतो, दाते घसरतात, सांगाडा वाकतो. मग कळते, आडवी तुळई कुठे हवी होती. पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांत रोज सुटे भाग हाताळणाऱ्या आईबाबांनी अशा वेळी मुलांशेजारी बसावे. या अंकाची पाने त्या अडकलेल्या आसांसाठी ठेवली आहेत.