करार नोंदवत नाही घरमालक, जागा जाते लेकराची!



चाकणकडे कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी. इकडे भोसरी, चिखली, मोशी. कंपन्यांत पाळ्या करणारी आपली हजारो कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. भाडं रोख, करार तोंडी. तिथेच आरटीईच्या २५ टक्के जागांमधून आपली मुलं गळतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी या जागा ठेवल्या. शाळेत नर्सरी असेल, तर हक्क नर्सरीपासून. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. लोक न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली.

या जागांच्या सोडतीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. नंबर लागतो, आई-बाप खाडा करून कागदपत्रांच्या पडताळणीला जातात आणि तिथे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा, अर्ज सुरू होण्याआधीचा भाडेकरार मागतात. आधारवरचा पत्ता नांदेडचा, नाहीतर बीडचा. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाते. त्याच्याकडेही करार नसेल, तर त्याच्याही पुढच्याकडे.

आता कायदा काय म्हणतो ते वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा घरमालकाचा आणि शिक्षा तीन वर्षांच्या मुलीला!

खोटे पत्ते रोखायला नोंदवलेल्या कराराची ही अट हवी, असं सांगतात. पण ज्याला नामांकित शाळेजवळचा पत्ता दाखवायचा आहे, तो पैसे मोजून नोंदवलेला करार आणतोच. अडतो खरा भाडेकरू. कोणत्या खोलीत कोणाचं मूल राहतं, हे अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण वहीत लिहिलेलं असतं. शिक्षण विभागाकडे आमची मागणी: ती नोंद आणि लसीकरणाचं कार्ड पुरावा म्हणून घ्या. शंका असेल तर खोलीवर येऊन बघा. कागद पुरे होईपर्यंत जागा राखून ठेवा. कोणाचा प्रवेश का नाकारला आणि प्रतीक्षा यादी कुठवर आली, हे शाळेच्या फाटकावर लावा.

दुर्बल घटकासाठीची वार्षिक एक लाखाची उत्पन्नमर्यादाही वाढवा. महिन्याला ८,३३३ रुपयांत चाकणमध्ये कोणाचं घर चालतं?

पालकांनो, पुढच्या अर्जांची वाट बघू नका. आजच घरमालकाला कलम ५५ दाखवा. तो नाही म्हणाला, तर तसं लेखी पंचायत समितीच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात द्या आणि पोच घ्या.