गाळलेला बाँब

अँथनी मिंगेला यांच्या ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) या चित्रपटाला नऊ ऑस्कर मिळाले, त्याला बराच काळ लोटला. परंतु मायकेल ओंडात्जे यांच्या मूळ कादंबरीतून (१९९२) त्याने जे गाळले, त्याची बोळवण अद्याप ‘माध्यमांतराची अपरिहार्यता’ एवढ्या शब्दांत केली जाते. कादंबरीतले सगळेच पडद्यावर कसे येणार, हा युक्तिवाद खरा आहे आणि निरुपयोगीही. किती गाळले हा प्रश्नच नव्हे. गाळल्यामुळे उरलेल्याचा अर्थ काय झाला, हा प्रश्न आहे.

कादंबरीच्या अखेरीस, बाँब निकामी करणारा शीख सॅपर किरपाल सिंग ऊर्फ किप हिरोशिमाचे वृत्त ऐकतो, रायफल उचलतो आणि जळालेल्या रुग्णाच्या खाटेसमोर उभा राहतो. रुग्ण मुळात इंग्रज नाही, हे त्याला सांगितले जाते. त्याच्या लेखी आता तो तपशील गौण असतो. गोऱ्या राष्ट्रावर असा बाँब टाकला गेला नसता, हे कारावाज्जोलाही मनोमन पटते. गोळी सुटत नाही. मात्र हाना आणि किप यांचे प्रेम तिथे संपते. चित्रपटात युरोपातील युद्ध संपल्याच्या जल्लोषात, दडवलेल्या स्फोटकाने किपचा सहकारी हार्डी मरतो, आणि इतिहासाने लादलेली ताटातूट एका खाजगी शोकात विरून जाते. ६ ऑगस्ट १९४५ हा दिवस कथेच्या काळाबाहेरच राहतो. त्याच खाटेपाशी रायफलीऐवजी हानाच्या हातातली मॉर्फिनची सुई येते.

यातून जी पोकळी उरते ती आल्माशी आणि कॅथरिन यांच्या विरहाने भरली जाते. गुहेत एकटी पडलेल्या कॅथरिनपर्यंत पोचण्यासाठी आल्माशी नकाशे जर्मनांच्या हवाली करतो. सूड घेण्यासाठी आलेला, अंगठे गमावलेला कारावाज्जो ही कहाणी ऐकतो आणि निःशस्त्र होतो. प्रेक्षकाने कसे ऐकावे, याचा हा वस्तुपाठच आहे. कारावाज्जो कादंबरीतही निवळतो; पण तिथे त्याच्यानंतर किप येतो, आणि त्याला कोणतीही प्रेमकहाणी निःशस्त्र करू शकत नाही. चित्रपटाने दोन श्रोत्यांपैकी सोयीचा तेवढा ठेवला. (इतिहासातील लास्लो आल्माशीने १९४२ मध्ये दोन जर्मन हेर वाळवंट पार करून ईजिप्तमध्ये पोचवले, आणि त्यामागे कोणी कॅथरिन नव्हती.)

कादंबरीतील हिरोशिमाचा प्रसंग ओढूनताणून आणलेला आहे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो आकस्मिक आहेच. परंतु ते वृत्तही जगावर असेच कोसळले होते. त्याची आगाऊ पेरणी करून ठेवणारी कादंबरी अधिक सुघड झाली असती, अधिक खरी नव्हे. ओंडात्जे यांनी स्वतः चित्रपटाचे स्वागत केले, हेही सांगितले जाते. लेखकाची संमती हा समीक्षेचा निकष कधीपासून झाला?

किपला चित्रपटात स्थान आहे, पण कोणते? त्याचे मोकळे, ओले केस आहेत; चर्चमधील भित्तिचित्रे पाहण्यासाठी हानाला दोराने उंच झुलवणे आहे. कादंबरीत हा मान एका वृद्ध मध्ययुगविद्याला मिळतो, म्हणजे सॅपरच्या कौशल्यातून एका विद्वानाला ज्ञान लाभते. चित्रपटात त्याचा प्रणयविलास होतो. ‘किम’ वाचताना झमझमा तोफेवरून किपच्या तोंडी येणारी कडवट टीका मिंगेला यांनी ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ती रुग्णाशी चाललेल्या खेळकर वादात जिरते. तिची परिणती कशातच होत नाही.

मराठी वाचकाला इटलीतला भारतीय सैनिक ही नवलाची वस्तू वाटू नये. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच पडले. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या साम्राज्यासाठी ही माणसे लढली त्याच्याकडे बंदूक वळवण्याचा एक क्षण ओंडात्जे यांनी किपला दिला होता. कादंबरीचे शेवटचे पान भारतात, किपच्या घरी जेवणाच्या टेबलाशी संपते. दूर कॅनडात हानाच्या धक्क्याने पेला पडतो आणि इथे किप मुलीच्या हातून निसटलेला काटा अलगद झेलतो. चित्रपटाच्या अखेरीस हाना ट्रकमधून निघून जाते, वाळवंटावरून विमान तरंगत राहते, आणि किप त्याआधीच मोटारसायकलवरून दिसेनासा झालेला असतो.