पांढऱ्या भिंतींचे चितारी

सतराव्या शतकांतील डच चित्रकारांनीं आपल्या देशांतील जुन्या चर्चांचे अंतर्भाग रंगविले. त्यांची गणना कलेंत करावी कीं वास्तुशास्त्राच्या दप्तरांत, असा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींतहि निघतो, आणि उत्तर बहुधा आधींच ठरलेलें असतें: पीटर सानरेडाम म्हणजे कॅमेऱ्यापूर्वींचा कॅमेरा, त्याच्यापाशीं अचूकपणा आहे, प्रतिभा नाहीं. हें मत आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

सानरेडाम (१५९७–१६६५) चर्चमध्यें बसून रेखाटन करी, मापें घेई, त्यांवरून यथादर्शनाचा आराखडा आंखी व मग फळीवर रंगवी, हें खरें. एवढें वाचून आमचे टीकाकार ‘निव्वळ मोजणीदार!’ म्हणून मोकळे होतात. उट्रेख्तचें बूरकर्क त्यानें १६३६ सालीं रेखाटलें. लंडनच्या नॅशनल गॅलरींतील चित्र १६४४ चें. त्या चित्रांत भिंतीवर पोरांच्या रेघोट्या आहेत: एकाच घोड्यावर बसलेले चौघे स्वार, म्हणजे जुन्या कथेंतील आयमनचे चार पुत्र. त्या पोरखेळाखालींच चित्रकारानें स्वतःची सही केली आहे. मोजणीदार आपल्या नकाशावर अशी थट्टा करीत नाहीं!

सेर्टोखेनबॉसच्या सेंट जॉन चर्चची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तें शहर १६२९ सालीं प्रॉटेस्टंटांच्या हातीं गेलें. सानरेडाम १६३२ मध्यें तेथें गेला तेव्हां मुख्य वेदीवरचें ब्लूमार्टचें चित्र हलविलेलें होतें. १६४६ च्या त्याच्या चित्रांत मात्र तें पुनः वेदीवर विराजमान आहे. कॅमेऱ्यास गेलेली वस्तु परत आणतां येते काय?

उट्रेख्तच्या मोठ्या चर्चचा मधला भाग १६७४ च्या वादळांत कोसळला. तेथीलच मारियाकर्क एकोणिसाव्या शतकांत पाडण्यांत आलें. त्यांचें पूर्वरूप जाणण्यास सानरेडामचें काम उपयोगी पडतें, याबद्दल इतिहासकारांनीं त्याचे आभार अवश्य मानावे. पण उपयोगी म्हणून कला नव्हे, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप असा कीं, १५६६ च्या मूर्तिभंजनानंतर ज्या चर्चांना चुना फांसला गेला, तेथें रंगविण्यासारखें उरलें तरी काय? उरला होता प्रकाश! सानरेडामची भिंत नुसती पांढरी कधींच नसते. ती कोठें सायीसारखी, कोठें राखेसारखी, तर खिडकीलगत किंचित् गुलाबी असते. एमानुएल द विटची तऱ्हा निराळी. त्याच्या चर्चमध्यें उन्हाचे पट्टे फरशीवर लोळतात, नुकतें खणलेलें थडगें उघडें असतें, आणि एखादें कुत्रें खुशाल खांबाशीं तंगडी वर करतें. आम्स्टरडॅमला आल्यावर तर त्यानें निरनिराळ्या चर्चांचे भाग जोडून पृथ्वीवर कोठेंच नसलेलीं चर्चें उभारलीं. यांस नक्कल म्हणणारांनीं अस्सल कोठें आहे तें दाखवावें.

आपल्या प्रदर्शनांतून ‘हुबेहूब’ हा शब्द एकदां स्तुतीचा, एकदां निंदेचा म्हणून फेंकला जातो. दोन्ही वेळीं चित्र पाहण्याचे श्रम वांचतात. सानरेडामनें १६४९ मध्यें आपल्या जन्मगांवचें, असेन्डेल्फ्टचें चर्च रंगविलें. श्रोतृवर्ग दूर लहानसा बसला आहे, आणि अग्रभागीं फरशींत एक शिळा आहे. ती त्याच्या वडिलांच्या थडग्याची. ते १६०७ सालीं वारले तेव्हां मुलगा नऊ वर्षांचा होता.